गाडी घरातच होती

१

सूर्यभान मेला तो अकोल्याच्या जुन्या शहरात, स्वतःच्या कापसाच्या आवाराच्या दारात, स्वतःच्याच गाडीखाली. पहाटे अंजनगाव सुर्जीहून गाड्या आल्या. पहिली गाडी दारातून अर्धी आत गेली आणि बैल थबकले. मागच्या गाडीवानाने उतरून पाहिलं तर मालक उताणा पडलेला होता आणि चाक छातीवरून गेलं होतं. पहिल्या गाडीचा गाडीवान सहदेव कापसावर झोपला होता. त्याला हलवून उठवावं लागलं.

ते अमेरिकेतल्या लढाईचे दिवस होते. तिकडे गोळ्या झडत होत्या आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, म्हणून इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढली होती. रेल्वे अजून अकोल्यापर्यंत आली नव्हती. सगळा कापूस गाड्यांवरून पश्चिमेला जाई. रात्रभर गाड्या चालत आणि गाडीवान वर झोपत. वाट बैलांना ठाऊक असे.

मी तेव्हा अमरावतीच्या कचेरीत तर्जुमेकार होतो. इकडचं बोलणं इंग्रजीत आणि तिकडचं मराठीत करायचं, एवढंच माझं काम. त्यातही मी किती बरोबर करत होतो, याची मला आजही खात्री नाही. त्या वर्षी अकोल्याचं कामही आमच्याच साहेबांकडे होतं. सूर्यभानाच्या मृत्यूचे कागद त्यांच्यापुढे आले तेव्हा महिना उलटला होता.

जमादाराने सहदेवावर खुनाचा आरोप ठेवला होता. चार दिवस आधी अंजनगावच्या बाजारात सूर्यभानाने त्याच्या कानाखाली मारली होती, आणि सहदेव सगळ्यांसमक्ष म्हणाला होता, "अंगावरून गाडी घालीन." कबुलीजबाबाच्या जागी त्याचे दोनच शब्द होते: "झालं असंन."

साहेबांनी मला बोलावून विचारलं, "याचं इंग्रजी काय करायचं? हो की नाही?"

"दोन्ही नाही, साहेब."

"एवढ्यावर मी माणसाला फाशी देऊ शकत नाही आणि सोडूही शकत नाही. अकोल्याला जा. त्याला पुन्हा विचार."

मग कागद बाजूला सारून ते हसले. "माझ्या आजोबांच्या काळी इंग्लंडात गाडीलाच पकडलं असतं."

तो शब्द मी असा पहिल्यांदा ऐकला. डिओडँड. साहेबांनी मला कायद्याच्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करायला सांगितला होता. मी डी या अक्षरावर आलो होतो, पण हा शब्द माझ्या यादीत नव्हता. साहेब म्हणाले की मूळ लॅटिन आहे, अर्थ 'देवाला द्यायचं ते'. ज्या वस्तूने माणसाचा जीव गेला ती मालकाकडे राहू द्यायची नाही. घोडा असो, चाक असो, विहिरीचा पोहरा असो. ती किंवा तिची किंमत राजाने घ्यायची आणि देवाच्या नावाने धर्मादाय करायची. त्याच्याही आधी, अगदी जुन्या काळी, ती वस्तू मेलेल्याच्या नातेवाइकांच्या हवाली करत. तेव्हाच्या भाषेत तिला मारेकरी असंच म्हणत.

"पण नेमकी कुठली वस्तू, यावर फार वाद चालत," साहेब म्हणाले. "उभ्या गाडीच्या चाकावरून माणूस पडून मेला, तर फक्त चाक द्यायचं. गाडी चालू असेल तर बैल, माल, सगळंच. मृत्यूकडे जे हललं, ते देवाचं. पुढे आगगाड्या आल्या. लोक इंजिनंच देवाला द्यायला लागले, तेव्हा पार्लमेंटने तो कायदा मोडला."

"मराठीत याला काय म्हणावं?"

"काही म्हणू नकोस. मेलेला शब्द आहे. कोशात घेऊ नकोस."

मी मान हलवली. पण अकोल्याच्या वाटेवर बैलांच्या दमणीत बसून मी त्याच शब्दाला मराठी शोधत राहिलो. एखादं खूळ डोक्यात शिरलं की ते बाहेर काढणं मला जमत नाही.

२

कोठडीच्या बाहेर सहदेवची बायको तानुबाई वांग्यांची पाटी घेऊन बसली होती. वांगी सुकली होती. ती विकायला नव्हतीच बहुधा. हातात काहीतरी असावं म्हणून असतील.

"पंत, तुमी अमरावतीचे न? त्याले बोलतं करा," ती म्हणाली. "मले तर काईच सांगत नाई. जवा पाहा तवा, असंन. असंन म्हनता म्हनता फासावर जाईन थो."

सहदेव भिंतीला टेकून बसला होता. माणूस धिप्पाड होता, पण आतून कुणीतरी दिवा मालवून ठेवल्यासारखा.

"सहदेव, तू मुद्दाम गाडी घातलीस का?"

"झोपीत मुद्दाम कसं करावं, पंत?"

"मग तसं सांग ना."

"पन गाडी माह्या हाती होती. बैल माह्या हाती. चाकाले वंगन मीच लावलं होतं. मी नाई मारलं म्हनू, तं मंग कोनं मारलं?"

"पण तू बोलला होतास."

"बोललो होतो. बैलाले तं मी रोज कसायाले देतो. देल्ला काय अजून?"

हे तो विनोदाने म्हणाला असावा. चेहरा मात्र हलला नाही.

मी अंजनगावचं विचारलं. तो सावकाश आठवत बोलला. बाजारात एका म्हाताऱ्या कास्तकाराने सूर्यभानाला अडवलं होतं. म्हातारा म्हणाला, "काहून बावा, माहा कापूस वाटेत वाळते काय? घरून निंगतो तवा ढीगभर असते, तुमच्या काट्यावर चढला की उलीसाक होते." लोक हसले होते.

"सूर्यभान काय म्हणाला?"

"थो नाई हासला. त्या दिवशी त्याले कायचाबी राग येत होता. बैल उशिरा जुपले म्हनून मले देल्ली एक. मंग गाड्या निंगाल्यावर रस्त्यात त्याचं काय बिनसलं काय माईत, घोड्यावर बसला न एकटाच पुढं निंगून गेला. आमी मांगून येत राहिलो."

"म्हणजे तो तुमच्या आधी घरी पोचला होता?"

"पोचलाच असंन. घोडा होता न."

मी उठलो. दारापाशी आलो तेव्हा त्याने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं.

"पंत, गाडी कोन्या देवाले देल्ली?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. अमरावतीपासून माझ्या डोक्यात जे घोळत होतं तेच हा बोलत होता.

"देवाला? का द्यायची?"

"त्या घरची रीतच आहे. जीव घेतलेली वस्तू घरात राहात नाई. मोठ्या मालकाले बैलानं मारलं, तं बैल देवीले सोडला. चुलती हिरीत पडली, तं हीर बुजवली. मले वाटलं, गाडी देवळात देल्ली असंन. चांगली होती. बैलाले हलकी जाये."

३

गाडी आवारातच होती.

मी गेलो तेव्हा ती दारात उभी होती, नवी जोडी जुंपलेली, आत सतरंजी अंथरलेली. सूर्यभानाचा थोरला भाऊ नत्थुजी बैलांच्या गळ्यातल्या घंटा सारख्या करत होता. त्याची मुलगी शालू पहिल्यांदाच सासरी निघाली होती. मी मागे उभ्या असलेल्या एका गड्याला हळूच विचारलं, ही तीच गाडी का. तो म्हणाला, "थेच. दुसरी कोनती राहीन?" आणि त्याने नजर वळवली.

घरातून एक म्हातारी आली. पार्बताबाई, दोघा भावांची आई. तिने शालूच्या ओटीत काही घातलं नाही, तिला जवळही घेतलं नाही. सरळ गाडीपाशी गेली, वाकली, आणि ज्या चाकाखाली तिचा धाकटा मुलगा सापडला होता त्याला हळदकुंकू लावलं. मग म्हणाली, "जा माय."

गाडी निघून गेली.

नत्थुजीने मला बाजेवर बसवलं आणि गूळपाणी दिलं. चाळिशीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. बोलायला आदबशीर.

"पंत, साहेबाले सांगा, सहदेवाले फाशी नोका देऊ. झोपीत झालं असंन. आमचं काई म्हननं नाई."

"सूर्यभान घोड्यावरून कधी आला होता?"

"आला असंन उशिरा. मी झोपलो होतो. पाहाटे गाड्यायचा आवाज ऐकून दार उघडाले गेला असंन, न आला चाकाखाली."

"त्याचं आणि तुमचं काही बोलणं नाही झालं?"

"बोलनं काहाचं? तोंडबी नाई पाहालं म्या त्याचं."

बोलताना त्याची नजर माझ्यावर नव्हती. आवाराच्या टोकाला कापसाचा काटा टांगला होता, लाकडी दांडीचा, आणि शेजारी मापं मांडून ठेवली होती. लोखंडी, नवी, अजून गंजही न चढलेली.

मला गाडीबद्दल विचारायचं होतं. धीर झाला नाही. मुलीला नुकतंच सासरी पाठवलेल्या बापाला असं कसं विचारावं? मी गूळपाणी संपवलं आणि उठलो. दाराबाहेर पडताना पार्बताबाई माझ्याकडे पाहात उभी होती. तिने काही विचारलं नाही. पण मी विचारीन अशी ती वाट पाहात होती, असं मला वाटलं. मला बऱ्याच गोष्टी वाटतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

४

देवीदास अडत्याची पेढी त्याच गल्लीत होती. जमादाराने दबक्या आवाजात सांगितलं होतं की सूर्यभानाचं आणि त्याचं पटत नसे. देवीदासनेही ते लपवलं नाही.

"पटत नव्हतं कारन त्याले धंदा समजत नव्हता, पंत. जग इकडं कापसासाठी येडं होऊन राहिलं, न हा कास्तकारायचे गाऱ्हाने ऐकत बसे. मी त्याले म्हनो, भाऊ, तू कीर्तनात जा. पन मारलं म्हनता का मी? मले उंदीर मारवत नाई. हे पाहा, उंदीरच कापूस खाऊन राहिले." त्याने खरोखरच कोपऱ्यातली कुरतडलेली पोती दाखवली.

"त्या आवारात लोखंडी मापं तुम्ही दिलीत?"

"मीच. तिसऱ्या दिवशी. अस्थी सावडून आले न नत्थुजीनं मानूस धाडला. लोखंडी मापं पाहिजे, आत्ताच. मले नवल वाटलं. पन कास्तकार गाड्या घेऊन दारात उभे होते. काटा तं चालला पाहिजे."

"आधी कसली मापं होती?"

"दगडी. त्यातला मोठा फुटला म्हने. वर लोखंडी कडी बसवलेला काळा दगड होता. कडी धरून एका हातानं उचलावं."

"फुटला तर तुकडे असतील."

देवीदास पहिल्यांदा थांबला. "तुकडे मीबी मांगतले होते. चांगला दगड होता, जात्याले कामी आला असता. तं म्हने टाकून देल्ला." त्याने मान खाजवली. "दगड काहून फुटीन, पंत? लोखंडाची कडी तुटन, दगड नाई फुटत."

"आणि गाडी? त्या घरची रीत तुम्हाला माहीत असेल."

"रीत?" देवीदास हसला. "आजा आंब्यावरून पडून मेला, तं ह्याहीनं आंबा तोडला न लाकडं होळीले देल्ली. एक काडी चुलीत नाई घातली. बारा गावाले माईत आहे." मग त्याचं हसू मावळलं. त्यालाही तेच सुचलं असावं. "पन गाडी तं आज शालूले घेऊन गेली," तो म्हणाला. "मी सोताच्या डोयानं पाहाली."

५

सूर्यभानाची विधवा माणिकबाई दाराआड बसून बोलली. पार्बताबाई उंबऱ्यावर बसली होती, धान्य निवडत. तिने आम्हाला थांबवलं नाही.

"मी धावत गेली," माणिकबाई म्हणाली. "डोकं मांडीवर घेतलं. बाकी मले काई आठवत नाई."

"रक्त?"

"छातीतून नाई आलं. मांगून आलं, डोक्यातून. लुगड्याले डाग पडला." ती आत गेली आणि लुगडं घेऊन आली. तिने ते धुतलं नव्हतं. डाग तपकिरी झाला होता, वाकडा, चंद्रकोरीसारखा.

गाडी छातीवरून गेली होती. सूर्यभान उताणा होता, डोक्याखाली दारातली मऊ धूळ. तिथे मागून असा घाव कशाचा होणार?

"आनखी एक," माणिकबाई म्हणाली. तिचा आवाज दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा सपाट होता. "डोकं थंड होतं. म्या म्हटलं, पाहाटेची थंडी असंन."

पार्बताबाईचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

साहेबांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. मृत्यूकडे जे हललं, ते देवाचं. इतके दिवस सगळे एकच विचारत होते, गाडी कुणी घातली. गाडी हलली होती हे खरं. पण ती मृत्यूकडे हलली नव्हती. ती आली तेव्हा तिथे मृत्यू होऊन गेलेला होता.

आणि हे या घरात कुणाला तरी पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो माणूस कोण, हे मी पाहिलं होतं. त्याने माझ्यासमोर चाकाला कुंकू लावलं होतं. उरला प्रश्न एकच. गाडीने जीव घेतला नाही म्हणून गाडी घरात राहिली. मग घरातून काय गेलं?

६

मोर्णा नदीच्या काठावर, आवाराच्या मागच्या बाजूला, एका कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता. मी आल्या दिवशी तो पाहिला होता आणि नमस्कारही केला होता. भाजी विकायला जाणाऱ्या बायका त्याच्यापुढे एखादं फूल टाकून जात. तानुबाईसुद्धा नवऱ्यासाठी तिथे रोज वांगं ठेवी. हा कुठला देव, असं मी तिला विचारलं होतं. "नवा आहे," ती म्हणाली होती. "म्हातारीनं बसवला. लेक गेला न तिचा."

शालूला पोचवून गाडी परत आली, त्या संध्याकाळी पार्बताबाई तिथे दिवा लावायला आली. मी बाजूला बसून होतो.

"आजी, तुम्हाला एक सांगू?"

ती दिव्यात तेल घालत राहिली.

मी तिला तो शब्द सांगितला. कसा सांगितला, आता आठवत नाही. चुकतमाकत सांगितला असणार. साहेबांच्या मुलुखात जुन्या काळी अशी चाल होती, ज्या वस्तूने माणूस मेला ती घरात ठेवायची नाही, देवाला द्यायची. कुणी चाक दिलं, कुणी घोडा.

तिने वात सारखी केली. "मंग त्याहीले समजते," ती म्हणाली.

"आता नाही समजत. त्यांनी तो कायदा मोडला."

"अस्सं."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण तानुबाईची सुकलेली वांगी दगडापुढे पडली होती.

"आजी, गाडी घरातच आहे."

"आहे."

"हा दगड मात्र बाहेर आहे."

"थो नदीत टाकाले निंगाला होता," ती म्हणाली. नाव तिने घेतलं नाही. "म्या म्हटलं नाई. नदीचं पानी आपन पेतो. इथं ठेव. म्या शेंदूर लावला. कोनी हात नाई लावनार म्हनून नाई लावला पंत. थे देवाचंच होतं आता."

"तुम्ही पाहिलंत?"

"आवाज ऐकला. धाकला म्हने, हे माप मी पंचायतीपुढं नेतो. त्यानं दगड उचलला होता. थोरल्यानं हिसकला. धाकल्याची पावलं दाराकडं वाजली." तिने दिव्यावर हात आडवा धरला. वारा नव्हता. "मंग आवाज नाई आला."

"हे तुम्ही साहेबांपुढे सांगाल?"

"इचारलं तं सांगन. महिना झाला. जमादार आला, सारे आले. सहदेवाले इचारलं, देवीदासले इचारलं. मले कोनं इचारलं?"

७

साहेब अकोल्याला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, शक्य तितकं चाचरत. तर्क त्यांना पटला. तरी ते म्हणाले, "एका मेलेल्या इंग्रजी शब्दावर आणि म्हातारीच्या कानावर खटला उभा राहात नाही. नत्थुजी म्हणेल, माझा दगड फुटला आणि हा दुसराच कुठला देव आहे. तो दगड आणा."

तो कुणी आणीना.

निंबाखाली सगळी गल्ली जमली होती. जमादाराने शिपायाला सांगितलं, शिपाई दोन पावलं मागे सरला. जमादाराने स्वतःही हात लावला नाही. सहदेवाला बेड्या घालून आणलं होतं. साहेब त्याला म्हणाले, उचल, कदाचित तुझी सुटका यातच आहे. मी ते मराठीत सांगितलं. सहदेव म्हणाला, "नोका साहेब. मी आधीच एकाले मारून बसलो असंन."

दगड गुडघाभर मातीत रोवलेला होता. वर फक्त शेंदराने माखलेला गोल माथा दिसत होता. त्याला कुठे धरावं हेही कळत नव्हतं.

नत्थुजी गर्दीत होता. पार्बताबाई उठली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तू उचल," ती म्हणाली. "तुले त्याचं वजन माईत आहे."

नत्थुजीने तिच्याकडे पाहिलं. तो नाही म्हणू शकला असता. इतर सगळ्यांनी म्हटलंच होतं. देवाला कसा हात लावू, एवढं म्हटलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती. का म्हटलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आईने सांगितलेलं काम तो आयुष्यभर करत आला होता, एवढंच मला सुचतं.

तो खाली बसला. दगडाच्या माथ्याला त्याने हात लावला नाही. उजवा हात त्याने बाजूच्या मातीत कोपरापर्यंत खुपसला, चाचपडला नाही, शोधलं नाही, आणि एका झटक्यात दगड वर काढला. त्याच्या मुठीत लोखंडी कडी होती. दगड उलटा रोवलेला होता, कडी खाली. ती तिथे आहे हे गर्दीतल्या कुणालाही दिसण्यासारखं नव्हतं.

दगड हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. कडीच्या वाकात माती होती, आणि मातीखाली काळं काहीतरी वाळलेलं.

"धाकल्यानं परत हिसकला असता तं आज मी राहालो नसतो," तो इतकंच म्हणाला.

"थो दाराकडं चालला होता," पार्बताबाई म्हणाली.

साहेबांनी दगड आवारातल्या काट्यावर ठेवायला लावला, दुसऱ्या पारड्यात देवीदासने त्याच वजनाचं म्हणून दिलेलं लोखंडी माप. दगडाचं पारडं सरळ जमिनीवर जाऊन बसलं. अंजनगावच्या म्हाताऱ्याचा कापूस वाटेत वाळत नव्हता. गर्दीतले कास्तकार पारड्याकडे पाहात राहिले. कुणी ओरडलं नाही. एक जण फक्त म्हणाला, "अच्छा," आणि निघून गेला.

बाकी सगळं त्यातूनच आलं. मेलेल्या भावाला नत्थुजीने दारात नेऊन ठेवलं होतं. गाड्या पहाटे येतात, गाडीवान झोपलेले असतात, हे त्याला रोजचंच ठाऊक होतं. गाडीच्या नावावर मृत्यू लिहिला की काम झालं, असं त्याने धरलं. मृत्यू ज्याच्या नावावर तो घराबाहेर जातो, ही स्वतःच्या घरची रीत त्याने मोजलीच नाही. आईने मोजली.

८

सहदेवाच्या बेड्या तिथेच काढल्या. तो मनगटं चोळत उभा राहिला. तानुबाई रडली, तो रडला नाही. मी त्याला नीट समजावून सांगितलं की गाडी आली तेव्हा सूर्यभान आधीच मेलेला होता. त्याने ऐकून घेतलं.

"असंन," तो म्हणाला.

पार्बताबाईने ती गाडी त्याला दिली. देवाला नव्हे, त्याला. पुढे तो आणि तानुबाई त्या गाडीतून भाजी नेत. मी एकदा त्यांना अकोल्याच्या वाटेवर पाहिलं. पहाटेची वेळ, बाकी सगळे गाडीवान झोपलेले. सहदेव गाडीवर बसला नव्हता. बैलांच्या बरोबरीने चालत होता.

दगड पुरावा म्हणून अमरावतीला आला आणि कचेरीच्या कोठीत पडून राहिला. काही दिवसांनी त्याच्यापुढे फुलं दिसू लागली. शिपाई ठेवत होते. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

कोशात तो शब्द मी घेतला. साहेबांनी खोडला. मी पुन्हा लिहिला आणि समोरची जागा मोकळी सोडली, कारण मला मराठी शब्द सापडला नव्हता. कोश पुढे छापलाच गेला नाही, तेव्हा त्या मोकळ्या जागेचं फारसं नुकसान झालं नाही.

नत्थुजीला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे घरी कळवायचं काम माझ्यावर आलं. मी गेलो तेव्हा पार्बताबाई आवार सारवत होती. काटा काढून टाकला होता. माणिकबाई दारात बसून तिला शेण कालवून देत होती. मी शिक्षा सांगितली. त्याला घेऊन जाण्याआधी एक दिवस अकोल्यात ठेवणार आहेत, तेव्हा भेटता येईल, साहेबांची परवानगी आहे, हेही सांगितलं.

पार्बताबाई सारवत राहिली. हात भिंतीपर्यंत नेऊन तिने तो परत आणला.

"पंत," ती म्हणाली, "आमच्या घरची रीत तुमाले माईत झाली न."

मी हो म्हटलं. ओल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने बाहेर आलो.